सरसकट ३५३ लावा म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच चाललंय, मुलं पळवणाऱ्या टोळीबद्दलचा तो व्हॉइस मेसेज ज्यांनी ज्यांनी फॉरवर्ड केला त्या सगळ्यांची नावं अर्ज करून पोलिसांत द्या, ३५३ लावा, म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं अफवा पसरवण्याबद्दलचं कलम. मेसेज खोटा होता, राग मलाही आलाय. तरी मी या अर्जावर सही करणार नाही.

कलम नकोच असं माझं अजिबात म्हणणं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते आठवा ना! नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेपर्यंत मारली. त्याआधी मोबाईलवर अशाच अफवा फिरत होत्या. असलं काही मुद्दाम बनवून सोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही.

पण कायदा काय म्हणतो ते तरी बघा. आधी भादंविचं (जुन्या भारतीय दंड संहितेचं) ५०५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५३ आलं, त्यात खोटी माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यम हे शब्द स्पष्ट घातलेत. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि त्याच कलमात खाली अपवाद दिलाय, तो कुणीच वाचत नाही: गोष्ट खरी आहे असं मानायला वाजवी कारण होतं, सद्भावनेने पुढे पाठवली, भडकवायचा हेतू नव्हता, तर तो गुन्हा नाही. आता चौथ्या मजल्यावरची ताई, पदरात लहान मूल, तिने "हे खरंय का हो?" असं विचारत मेसेज टाकला. तिला आणि क्लिप बनवणाऱ्याला एकाच यादीत कसं बसवता तुम्ही?

पालघर विसरलो का आपण? नोव्हेंबर २०१२, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद कशाला, असं एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, आणि दोघींना अटक. कलमं कुठली, तर हेच ५०५ चं पोटकलम २ आणि आयटी कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ६६अ. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला तो वेगळाच. पुढे केस बंद झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, ६६अ सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पण त्या पोरींच्या वाट्याला जे आलं ते कोण पुसणार? ५०५ मात्र राहिलं आणि आता ३५३ होऊन आपल्या हातात आलंय, म्हणून ते जपून वापरा असं मी कळकळीने सांगतेय.

तक्रार जरूर द्या, पण क्लिप पहिल्यांदा कुठून आली ते शोधा म्हणून द्या. आणि मेसेज खोटा असल्याचा खुलासा हिंदीतही टाका, वॉचमन आणि कामवाल्या मावशींच्या ग्रुपवर पण, कारण ती क्लिप तिथेही पोचलीय. परवा गेटवर भंगारवाल्या काकांना अडवून त्यांचा फोटो "संशयित" म्हणून टाकलाय, तो अजून ग्रुपवर आहे. पुढे गेला असेल तर त्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे हा. ज्यांनी टाकला त्यांनी तो आत्ता डिलीट करा, जिथे जिथे पाठवला तिथे चूक झाली असं लिहा, आणि काका परत आले की त्यांना गेटवर अडवू नका.