आमच्या सोसायटीतल्या त्या मुलाबद्दल

रविवारी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीची मीटिंग झाली. पाण्याच्या टाकीचा विषय पटकन उरकला आणि बाकी सगळा वेळ एका मुलावर गेला. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलेला मुलगा, वय पंचविशीच्या आत. त्याला गावी पाठवा, नाहीतर जागा सोडा, असं त्याच्या आईला कळवावं हा काही जणांचा आग्रह. आजारबिजार काही नसतं, मस्ती असते, पहिला झुरका काय कोणी जबरदस्तीने दिला होता का, हे सगळं त्या माउलीच्या तोंडावर बोललं गेलं. मी बोलायला उठले, पण त्या गोंधळात अर्धं बोलणं राहून गेलं. म्हणून इथे लिहिते आहे.

पहिला झुरका त्याने स्वतः घेतला, मान्य. बहुतेक जण स्वतःच घेतात. कॉलेजच्या ग्रुपमध्ये, वाढदिवसाला, कधी नुसतं बघू या म्हणून. पण त्यावरच निकाल लावायचा असेल तर सगळ्यांचा लावा. आपल्याच सोसायटीतल्या एका काकांची बायपास झाली तेव्हा आपण रक्त द्यायला रांग लावली होती, डबे पोचवले होते. काकांनी वर्षानुवर्षं सिगारेट ओढली होती, शुगर असून गोड सोडलं नव्हतं. तेव्हा कोणी नाही म्हणालं, स्वतःच ओढवून घेतलंय, भोगू दे. आपण वागलो ते बरोबरच वागलो. तेच या मुलाशी वागा, एवढंच मागणं आहे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझा मामेभाऊ ठाण्यात लोकमान्य नगरला वाढला आणि गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगर नावाच्या हेरॉइनच्या नादी लागला. त्याची टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर शरीराला होणारा त्रास, मी डोळ्यांनी पाहिली आहे. नाका-डोळ्यांतून सतत पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पोटात पिळवटून जुलाब, आणि पाय इतके झाडायचा की मामी ते धरून बसायची. त्या अवस्थेतला माणूस मजा करायला पुडी शोधत नाही, ते सगळं थांबावं म्हणून शोधतो. मामीने मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात तळाशी लपवलं होतं, ते त्याने विकलं. त्या रात्री तिच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. दोन दिवसांनी घरातला मिक्सर गेला. नातेवाईक म्हणाले, नाटकं आहेत. मला ते कधीच पटलं नाही. रडणं खरं होतं आणि मिक्सर नेणंही त्याच्या हातात उरलं नव्हतं. गर्द मेंदूतल्या सुखाच्या यंत्रणेवर घाला घालते, डोपामिन या सुखाशी जोडलेल्या रसायनाचं गणित बिघडवते, आणि ‘आता थांब’ सांगणारा मेंदूचा पुढचा भागच लुळा पडत जातो. इच्छाशक्ती वापर म्हणता, पण ती जिथून येते तिथेच मार बसलेला असतो.

हल्लीच्या मुलांचं आणखी वेगळं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन. गर्दसारखे हातपाय पिळवटत नाहीत, पण झोप उडते, संशय बळावतो, नशा उतरली की माणूस खोल नैराश्यात जातो. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधं तरी आहेत. एमडीची तलफ मोडणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही, समुपदेशनावर आणि माणसांच्या साथीवरच भिस्त. आणि २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत ही एमडी आपल्याकडे एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतसुद्धा नव्हती. पोरं अडकली ती पोरांची मस्ती, आणि विकणारे मोकळे! राग काढायचाच असेल तर तो कॉलेजच्या गेटबाहेर माल पोचवणाऱ्यांवर काढा.

मीटिंगमध्ये एका दादांनी एक मुद्दा मात्र चांगला काढला होता. आजार असेल तर काही जण औषधाशिवाय कसे सुटतात? सुटतात, खरं आहे. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. ते मायदेशी परतल्यावर ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते शंभरात पाचच्या आसपास. युद्धभूमी सुटली, माल तितका सहज हाताशी राहिला नाही, घर आणि माणसं मिळाली, आणि बहुतेक जण सुटले. मला यातून ‘ही मस्तीच होती’ असं दिसत नाही. बरं होण्यात आजूबाजूच्या माणसांचा केवढा वाटा असतो, ते दिसतं. आणि आपण त्या मुलाला नेमकं त्याच माणसांमधून उठवायला निघालोय.

आजार म्हटलं की सगळं माफ, असं मी म्हणत नाहीये. मामीने शेवटी एकच नियम धरला: जेवण कधीही, पैसे कधीच नाहीत. त्याची उधारी फेडायची नाही, नोकरीवर त्याच्यासाठी खोटं बोलायचं नाही. हे तिला घरच्यांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगमध्ये बसून समजलं. ती म्हणायची, मारण्यापेक्षा हे अवघड जातं गं.

मारण्याचंही सांगते. पहिल्यांदा त्याला ज्या केंद्रात ठेवलं तिथे डॉक्टर क्वचित यायचा, काठी मात्र रोज होती. भेटायला गेलो की आधी फोन करून या म्हणायचे. तिथून आला तो जास्तच बिघडून आला. दुसऱ्यांदा पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने उभं केलेलं केंद्र. तिथे त्याला पहिल्यांदा कोणीतरी ‘मित्र’ म्हणून बोलावलं. नंतरही एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, पण पुन्हा उभा राहिला. ब्लडप्रेशरचे पेशंटसुद्धा गोळ्या सोडतात, पुन्हा सुरू करतात, त्यांना आपण घराबाहेर काढत नाही.

कायदासुद्धा आपल्यापेक्षा शहाणा निघाला आहे. एनडीपीएसच्या कलम ६४अ प्रमाणे थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट मिळू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. आणि उपचारांचं वास्तव काय? एम्सच्या २०१९ च्या पाहणीत दारूचं व्यसन असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं निघालं. आपल्या बिल्डिंगमधल्या मुलाला ते मिळाले, तो पूर्ण करून आला. कौतुक करायचं सोडून आपण ठराव करतोय.

अजून एक, हे कृपा करून नीट वाचा. गर्द घेणारा काही आठवडे बंद राहिला की शरीराची सवय मोडते. मग कोणी हाकललं, एकटा पडला आणि त्याने जुन्याच मापाने घेतली, तर ती जीव घेऊ शकते. केंद्रातून आल्यानंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. अशा दिवसांत घर सोडायला लावणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पुढच्या मीटिंगला मी ठरावाच्या विरोधात लेखी पत्र देणार आहे. ऐरोलीचे जे सभासद हे वाचताहेत त्यांनी सही करायला या. जिन्यात तो दिसला तर नाव घेऊन हाक मारा, क्रिकेटला बोलवा. कोणाच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये काम असेल तर मला सांगा, त्याच्या आईशी बोलते.

आणि ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांच्यासाठी: सरकारी हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत एए (दारूसाठी) आणि एनए (ड्रग्जसाठी) या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या गटांच्या मीटिंगा होतात, त्यांनाही फी नसते. पहिल्यांदा एकटं जायला धीर होत नसेल तर इनबॉक्समध्ये कळवा, मी सोबत येते. नाव कोणाला कळणार नाही.