कडेच्या उजेडापायी लॅपटॉप परत करू नका, आधी बिजागरीचा कोपरा बघा

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो, तुमचं म्हणणं असं. 42 हजारांच्या लॅपटॉपबद्दल लिहिताना मी अर्धा लेख फटी, कुरकुर आणि स्क्रीनच्या कडेचा उजेड यांवर घालवला. हे पुण्या-मुंबईवाल्यांचे चोचले आहेत, खेड्यातल्या माणसाला मशीन चालतं की नाही एवढंच पाहायचं असतं. आणि आठ दिवस वापरून मजबुतीवर बोलायचा मला अधिकार नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय की तूर विकून तुम्ही मुलासाठी हाच लॅपटॉप ऑनलाइन मागवला, रविवारी तो घरी आला. पोरानं माझा लेख वाचून रात्री लाइट बंद करून स्क्रीन पाहिली, खालच्या कडेला पांढुरका उजेड दिसला, आणि आता परत करा म्हणून तो जेवायलाही धड बसत नाही.

ते शेवटचं वाचून मला वाईट वाटलं. चूक माझी आहे. मी पाच उणिवा एकाखाली एक, एकाच आवाजात सांगितल्या. कडेचा उजेड, कोपऱ्यातली फट, मधोमध दबणारा कीबोर्ड, जमिनीला न टेकणारा एक पाय, टचपॅडची खडखड. वाचणाऱ्याला त्या सगळ्या सारख्याच वाटणार. त्या सारख्या नाहीत. एक उणीव जशी आहे तशी पाच वर्षं राहते, दुसरी रोज थोडी वाढते. हे मी तेव्हाच लिहायला पाहिजे होतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पण चोचले हा शब्द मला मान्य नाही. आपला कापूस सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर जातो तेव्हा काय होतं ते तुम्ही दरवर्षी पाहता. गाडीत हात घालून खालचा कापूस वर काढतात, कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, किती ते बघतात, ओलावा मोजायचं यंत्र लावतात. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. आपण घाम गाळून पिकवलेल्या मालाची अशी पारख होते आणि ती आपण मान खाली घालून सोसतो. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल. त्या भावानं 42 हजार म्हणजे पाच क्विंटलांच्या वर कापूस. माझ्या कोरडवाहू वावरात एकरभराला चांगल्या वर्षी एवढाच होतो. एका एकराचं वर्ष देऊन आणलेली वस्तू आपण उलटी करूनसुद्धा पाहायची नाही? शहरातल्या माणसाचा लॅपटॉप बिघडला तर तो संध्याकाळी दुकानात टाकून येतो. आपल्याला पांढरकवड्याकडून नागपूर गाठावं लागतं, दीडशे किलोमीटरच्या आसपास. उणिवा बारकाईनं बघायची गरज त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे.

आता बिजागरी, दुकानदार जिला हिंज म्हणतात ती.

झाकण उघडताना सगळा जोर दोन बिजागऱ्यांवर येतो. बिजागरी पोलादी असते, ती सहसा मोडत नाही. ती ज्यात बसवलेली असते ते मोडतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीची पट्टी ज्या स्क्रूंनी आवळलेली असते, ते स्क्रू पितळेच्या बारीक बुशांमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या नळ्यांमध्ये, जातात, आणि हे बुश प्लॅस्टिकच्या खुंट्यांत गरम करून दाबून बसवलेले असतात. बुश ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याभोवतीचं प्लॅस्टिक त्याहून पातळ. दिवसातून पंधरा वेळा झाकण उघडलं की पंधरा वेळा त्या प्लॅस्टिकला हिसका बसतो. पुढे बिजागरीतलं ग्रीस सुकतं, धूळ बसते, ती आणखी गच्च होते. मग एक दिवस झाकण वर ओढलं की बिजागरी फिरत नाही, खुंटीच बुशासकट उपटून येते. कोपरा उकलतो आणि त्यातून जाणारी स्क्रीनची वायर ताणली जाते.

माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपचं हेच झालं. कंपनीचं नाव लिहित नाही, मुद्दा तो नाही. घेतल्यावर तीन महिन्यांत डाव्या कोपऱ्यात केसाएवढी फट दिसली होती. मी म्हणालो, मशीन चालतंय ना, राहू दे. तुम्ही काल जे लिहिलं, अगदी तेच. अकराव्या महिन्यात कोपरा तुटला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, हा ग्राहकाच्या हातून झालेला डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. नागपूरच्या तीन खेपा झाल्या, एसटीनं, लॅपटॉप उशीच्या खोळीत गुंडाळून. शेवटी पदरचे पैसे घालून झाकण आणि खालची बॉडी बदलली. त्या केसाएवढ्या फटीचा पहिल्या आठवड्यात फोटो काढून कंपनीला ईमेल केला असता, तर निदान आमच्या हातात पुरावा राहिला असता. म्हणून मी फटी बघतो, भाऊ.

आणि आठ दिवसांचं म्हणाल, तर आठ दिवसांत टिकाऊपणा कळत नाही हे तुमचं खरं आहे. दोन वर्षांनी या मशीनचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि लेखातलं ‘मजबूत नाही’ हे सरसकट वाक्य मी काढून टाकलंय. पण ऑनलाइन वस्तू बदलून मिळायची मुदत बहुतेक वेळा सात दिवसांचीच असते. जे पाहायचं ते त्यातच पाहावं लागतं. मी काय केलं ते सांगतो. एसटीचं मशीनमधून निघणारं पातळ तिकीट घेतलं. पहिल्या दिवशी झाकण बंद असताना डाव्या कोपऱ्यातल्या फटीत ते जात नव्हतं. झाकण अर्धं उघडलं की जायचं, पूर्ण उघडून सोडलं की पुन्हा अडायचं. म्हणजे झाकण हलत असतानाच प्लॅस्टिक उचललं जात होतं. आठव्या दिवशी त्याच जागी तिकिटाची दुहेरी घडी गेली. उजव्या कोपऱ्यात पहिल्या दिवशीही तिकीट गेलं नाही, आठव्या दिवशीही नाही. फट आहे याची मला काळजी नव्हती. ती आठ दिवसांत वाढली याची होती, आणि लेखात नेमकं तेच एका ओळीत उरकलं गेलं.

कडेच्या उजेडाचं तसं नाही. एलसीडी स्क्रीनच्या मागे दिवे असतात, आणि स्क्रीन चौकटीत बसवताना कुठे दाब कमीजास्त पडला की कडेनं उजेड गळतो. काळ्या पडद्यावर, अंधाऱ्या खोलीत तो दिसतो. पोराला सांगा, डोकं डावी-उजवीकडे हलवून पहा. उजेड जागा बदलत असेल तर तो त्या प्रकारच्या पडद्याचा गुणच आहे, दोष धरायचा नाही. जागचा हलत नसेल तर गळती आहे, पण दिवसा कोडिंग करताना, पीडीएफ वाचताना ती दिसणारसुद्धा नाही. पडद्यावरचा एखादा ठिपका, म्हणजे पिक्सेल, मेलेला असेल, पेटतच नसेल, तर तेही असंच. 1920 गुणिले 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके असतात, त्यातल्या एखाद्यासाठी बऱ्याच कंपन्या स्क्रीन बदलून देत नाहीत. मन खट्टू होतं हे मला कळतं, नवीन वस्तू आहे. पण एवढ्यासाठी परत करू नका. बदलून येणाऱ्या मशीनचा कोपरा कसा निघेल ते कोणी पाहिलंय?

कीबोर्ड दबतो, तो या किमतीत बहुतेकांचा दबतो. सोडा. न टेकणारा पाय आधी ओट्याच्या कडप्प्यावर ठेवून तपासा, लाकडी टेबलावर नको, कारण आपल्याकडचं टेबलच वाकडं असतं. खालचं रबर नीट बसलं नसेल तर ते दाबून बसतं. टचपॅडची खडखड आज निरुपद्रवी आहे, पण पुढे कधी टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं, क्लिक घट्ट झालं, तर लगेच वापर थांबवायचा. खालची बॅटरी फुगली असू शकते. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही.

बॅटरीवरून आठवलं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान 35 अंशांपर्यंतचं दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उष्णतेनं लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून पोरगं लॅपटॉप घेऊन कूलरपुढे बसेल, पण थेट झोतात ठेवू देऊ नका, ती हवा ओली असते. बाजूला ठेवा, आणि गादीवर तर अजिबात नको. गेल्या हंगामात एका जिनिंगच्या मुनीमजींचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, तापून आपोआप बंद पडायचा. खालचं झाकण काढलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध कापसाच्या तंतूंचा थर बसलेला, नमद्यासारखा. ब्रशनं निघेना, चिमट्यानं धरून ओढला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात बाहेर आली. मशीन त्या दिवसापासून आजतागायत चालू आहे. तुमच्या घरात कापूस भरून ठेवत असाल तर वर्षातून एकदा तेवढं साफ करून घ्या.

तुम्ही आणखी एक लिहिलंय, खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ छापलंय, मग फट कशी असेल? ते एमआयएल-एसटीडी-810 म्हणजे अमेरिकी लष्कराच्या चाचण्या कशा घ्यायच्या याची पद्धत आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनी स्वतः ठरवते, लष्कर येऊन शिक्का मारत नाही. तुमच्या पोराच्या हातात आलेल्या त्या एका मशीनचा कोपरा कसा बसलाय, हे त्या छापावरून कळत नाही.

आता आज संध्याकाळी एवढं करा. भर उजेडात झाकण मधोमध धरून सावकाश उघडा, एका कोपऱ्याला धरून नको. दोन्ही कोपऱ्यांत तिकीट घालून पहा, बंद असताना, अर्धं उघडं असताना, पूर्ण उघडं असताना. त्याच वेळी कान देऊन ऐका, ‘कट’ असा बारीक आवाज येतो का. फट जशीच्या तशी राहिली आणि आवाज नसेल तर साच्यातली फट आहे, लॅपटॉप ठेवा आणि पोराला जेवायला बसवा. झाकण हलताना फट उघडत असेल तर व्हिडिओ काढा, बिल जोडा, बदलून द्या म्हणून लेखी तक्रार टाका. फोनवरचं बोलणं कामाचं नाही. टाळाटाळ झाली तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्याच आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे फी लागत नाही. मला पुतण्याच्या वेळी हे माहीत नव्हतं.

रविवारी मशीन आलं म्हणजे तुमच्याकडे येत्या रविवारपर्यंतच वेळ आहे. डाव्या कोपऱ्याचे तीन फोटो, झाकणाच्या तिन्ही अवस्थांतले, इथेच टाका. आज मी बसतो त्या अर्ज भरायच्या सेवा केंद्रात पीकविम्याच्या अर्जांची गर्दी आहे, पण रात्री नऊनंतर मी ते पाहून लगेच कळवतो.