अगदी सोपं आहे, बाबा

नकाशावर त्या वाटेचं नाव स्वच्छ छापलेलं होतं: मिझरी रिज. मिझरी म्हणजे हाल. ज्या कुणी हे नाव ठेवलं, त्याने माझ्यापासून काहीही लपवलं नव्हतं. लपवाछपवी केली ती घरच्यांनी. "अगदी सोपं आहे, बाबा. पावणेचार मैलांची तर चक्कर," लेक म्हणाली. मैलात सांगितलं की आकडा लहान दिसतो. सहा किलोमीटर म्हणाली असती तर मी लगेच गुडघा चोळायला घेतला असता.

जून २०२३. आम्ही दोघं लेकीकडे, ओरेगनमधल्या पोर्टलंडला आलो होतो. शनिवार-रविवार 'हाय डेझर्ट'मध्ये काढायचा असं ठरलं. वाळवंट म्हटल्यावर मी बॅगेतला स्वेटर बाहेर काढला. लेकीने तो परत आत कोंबला. हे वाळवंट समुद्रसपाटीपासून तीनेक हजार फुटांवर. दुपारी टाळू तापते आणि रात्री दात वाजतात. म्हणजे टोपीही हवी, कानटोपीही हवी. दोन्ही शेवटी माझ्याच पाठीवर आल्या.

माउंट हूडच्या अंगावरून रस्ता पलीकडे उतरतो आणि जंगल संपतं. हळूहळू नाही, कुणीतरी सतरंजी ओढून घ्यावी तसं. कॅस्केड पर्वतरांग समुद्रावरून आलेल्या ढगांना अलीकडेच पिळून घेते. पलीकडे उरतात खुरटे जुनिपर आणि राखाडी सेजब्रश. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव आभाळाकडे बघत बसतं, तोच हा प्रकार. सेजब्रशचं पान चुरगाळलं की कापराच्या अंगाने जाणारा वास येतो. बायकोने तो एकदा घेतला आणि नंतर दिवसभर एक पान नाकाशी धरून चालली. तिच्या दमसासाचं गुपित तेच असावं, असं मी अजूनही मानतो. दुसरं कारण मानायला मन धजत नाही.

मद्रास नावाचं गाव मागे टाकून (हो, मद्रास; इडली मिळत नाही, मी विचारलं) आम्ही पीटर स्कीन ऑग्डेन यांच्या नावाच्या ठिकाणी दरी बघायला थांबलो. ऑग्डेन हे हडसन्स बे कंपनीचे फरचे व्यापारी, १८२५ साली या भागात आले होते. सपाट माळ, सपाट माळ, आणि एकदम पायाखाली तीनशे फूट खोल चीर. तळाशी दोऱ्याएवढी क्रुकेड रिव्हर, वरून १९११ सालचा रेल्वेचा लोखंडी पूल. कडेला दगडी कठडा आणि तिथेच एक पाटी: थांबा, इथे अनेक कुत्रे मेले आहेत.

'कृपया' नाही, 'आपल्या सुरक्षिततेसाठी' नाही. बिचारे कुत्रे उत्साहाने कठड्यावरून उडी मारतात, पलीकडे जमीन असेल या भरवशावर. मी पुण्याचा, महिनाभर परदेशात काढल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोललं. जवळ जाऊन पाटीचा फोटो काढू लागलो, तर बायकोने मागून शर्ट धरला.

"अगं, पाटी कुत्र्यांसाठी आहे."

"त्यांना वाचता येत नाही म्हणून ते गेले. तुम्हाला वाचता येऊनही तुम्ही कठड्यावर वाकलायत."

तिथून स्मिथ रॉक, म्हणजे मिझरी रिज जिथे आहे ते उद्यान, जवळच. गाडी लावायचे तेव्हा पाच डॉलर होते. मी मनात गुणाकार केला, चारशे रुपयांच्या वर गेला. "आता पुरेपूर वसूल करायचे हं," असं मी यंत्रासमोर उभं राहून मोठ्याने म्हणालो. या वाक्याला तीन साक्षीदार आहेत.

आता या जागेची रचना नीट समजून घ्या, कारण खरी गोम तिथे आहे. आपल्या गडावर आधी चढायचं असतं, मग उतरायचं. म्हणजे दमलेल्या माणसाला घरी जाताना उतार मिळतो. इथे गाडी दरीच्या काठावर. आधी दरीत उतरायचं, पूल ओलांडायचा, समोरचा डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, नदीकाठाने वळसा घालून पुन्हा पुलावर यायचं आणि मग गाडीसाठी पुन्हा चढायचं. उतरताना हे माझ्या लक्षात आलं नाही. मी शीळ घालत उतरलो.

पुलापलीकडे मिझरी सुरू झाली. पायऱ्या, नागमोडी वळणं, पुन्हा पायऱ्या. सावली नावाला नाही. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे कष्टाचा पुरावाही राहत नाही. माझ्या तोंडाला कोरड पडली, ओठ तडकले, आणि शर्ट मात्र इस्त्रीचा. बायको पुढे जावयाशी गप्पा मारत चाललेली. चढावर गप्पा! आमचे जावईबापू वाचून येतात आणि नेमके चढावर प्रश्न विचारतात.

"बाबा, हा दगड किती जुना असेल, ओळखा बघू?"

मी हात हलवला. त्याचा अर्थ 'पाणी' असा होता. त्यांनी तो 'सांगा' असा घेतला. मग कळलं की सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखी फुटला, जमीन खचून मोठं कुंड झालं, त्यात राख साचून घट्ट झाली. तोच हा पिवळा-तांबूस दगड. नंतर कधीतरी दुसऱ्या ज्वालामुखीचा लाव्हा वाहत आला आणि नदीला बाजूला रेटून गेला. तीन कोटी ऐकल्यावर माझ्यात एकदम जीव आला. आमचा सह्याद्री साडेसहा कोटींचा! हा तर शेंबडं पोर. हे मी सुनावणार होतो, पण 'सह्या' एवढंच बाहेर पडलं आणि बायकोने वळून विचारलं, "कुठे करायच्यात?"

थांबण्यासाठी सबब लागते. 'दम लागला' म्हणणं आमच्या घराण्यात नाही. मी कड्यांकडे बघत उभा राहू लागलो. सुदैवाने तिथे बघण्यासारखं खूप आहे. नदीपासून साडेपाचशे फुटांपर्यंत सरळ उठलेले सुळके आणि त्यांवर चिकटलेली रंगीत माणसं. अमेरिकेत कड्यावर आधीच खिळे ठोकून त्याला दोर अडकवत चढायचा खेळ इथेच रुजला, १९८० च्या दशकात. अ‍ॅलन वॉट्स हे त्यातलं मोठं नाव. एक मुलगी दोन बोटं एका भोकात अडकवून लटकली होती आणि खालच्या मित्राला जेवायला कुठे जायचं ते विचारत होती. मी दोन्ही पायांवर, सपाट पायरीवर उभा होतो आणि मला बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. खर्रर्र. लेकीने सकाळीच बजावलं होतं, इथे रॅटलस्नेक असतात, शेपटीची पोकळ कडी एकमेकींवर आपटून इशारा देतात. ऐकू आला तर जागच्या जागी थांबायचं. थांबण्यात मी तोवर निष्णात झालो होतो. थांबलो. आवाज थांबला. पाऊल टाकलं, खर्रर्र. पुन्हा थांबलो. मागून येणारी दोन माणसं माझा चेहरा बघून थांबली, त्यांच्यामागची चार थांबली. शेवटी लेक खाली उतरून आली, तिने माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये हात घातला आणि चिवड्याची पिशवी बाहेर काढली. मागच्यांना तिने इंग्रजीत काय सांगितलं ते मी मुद्दाम ऐकलं नाही. चिवडा मात्र त्यांनी खाल्ला. तिखट आहे म्हणाले.

माथ्यावर पोहोचलो आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मी कुणावरही रागावलेला नव्हतो. पश्चिमेला बर्फाच्या शिखरांची ओळ. १०,४९७ फुटांचा माउंट जेफरसन, आणि थ्री सिस्टर्स. या तीन बहिणींना जुन्या वसाहतवाल्यांनी फेथ, होप आणि चॅरिटी म्हटलं होतं. श्रद्धा, आशा, करुणा. एकाच चाळीतल्या वाटाव्यात. समोर साडेतीनशे फुटांचा मंकी फेस. त्याला माकडाचा चेहरा म्हणायला कल्पनाशक्ती लागत नाही. नाक आहे, जबडा आहे, आणि उघड्या तोंडाच्या गुहेत पाय सोडून बसलेला एक माणूस होता, दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखा. या सुळक्यावर पहिल्यांदा चढले ते डेव्ह बॉन, जिम फ्रेझर आणि व्हिव्हियन स्टेंडर, १ जानेवारी १९६० रोजी. नव्या वर्षाचा संकल्प पहिल्याच दिवशी पुरा! माझे संकल्प दोन तारखेपर्यंत कसेबसे टिकतात.

पलीकडची उतरण भुसभुशीत खडीची. ती मी कशी उतरलो याचं वर्णन करत नाही. पँट मागून फाटली एवढं पुरे.

खाली नदीकाठ गोड होता. पाणी संथ, पॉन्डेरोसा पाइनची सावली, गवतात चरणारी बदकं. ही तीच क्रुकेड रिव्हर; क्रुकेड म्हणजे वाकडी, आणि वाकडी म्हणतात ती उगीच नाही. प्रत्येक वळणावर 'आला पूल' असं वाटायचं आणि नदी आणखी एक वळण घ्यायची. अखेर पूल आला. त्याच्या टोकाला सकाळी मी शीळ घालत उतरलो होतो ती वाट, आता उभी.

तो चढ मी कसा चढलो ते मला आठवत नाही. गाडीचं दार आठवतं. सीटवर पाय लांब करून मी डोळे मिटले, तेव्हा बायको काचेमागची पावती बाहेर काढून वाचत होती.

"अहो, हे पाच डॉलर अख्ख्या दिवसाचे आहेत," ती म्हणाली. "आणि आत्ता तर कुठे दीड वाजतोय."

पुढच्या सीटवरून लेकीने नकाशा उघडल्याचा आवाज आला. मी चिवड्याची पिशवी जोरात हलवली, पण कुणी फसलं नाही.