शंभर टक्के निकाल लावायचाय? मग हे करा

आपल्या शाळेतलं प्रत्येक पोरगं चमकलं पाहिजे असं तुम्हालाही वाटतं ना? वाटणारच, माहितीपत्रकात छापलेलंच असतं तसं. तर परवा बहिणीसोबत भाच्याच्या शाळेत गेलो होतो, तिथे जे ज्ञान मिळालं ते वाटून टाकतो.

आधी तुकड्या पाडा. हुशार सगळे 'अ'मध्ये, त्यांना गणिताचे अनुभवी सर. 'ड'ला त्या तासाला जे मोकळे असतील ते, पीटीचे सर पण चालतात.

फ्लेक्स लावा. स्कॉलरशिपवाल्या पोरांचे फोटो छोटे, संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा.

लायब्ररीला कुलूप, पुस्तकं खराब होतात.

आता मेन मुद्दा. आठवीपर्यंत गप्प बसायचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तिथपर्यंतच आहे, तोवर पोराला शाळेबाहेर काढता येत नाही. त्यामुळे अपूर्णांकात अडकलंय हे पाचवीत दिसलं तरी शेऱ्यात 'प्रगती समाधानकारक' लिहायचं आणि पुढे ढकलायचं (आता पाचवी-आठवीला परत वार्षिक परीक्षा आलीय म्हणा, पण नापास झालं तर पुनर्परीक्षा असते आणि ती घेणारे पण आपणच, टेन्शन नाही). मग नववी आली की चाळणी काढायची. आईवडिलांना बोलवायचं, चहा वगैरे विचारायचा नाही, आणि म्हणायचं, "ताई, ह्याचं दहावीला काही खरं नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा." सतरा नंबर हा शाळा सुटलेल्यांसाठी आहे हो, कामाला लागलेली पोरं, लग्न होऊन गेलेल्या मुली, त्यांना दहावी करता यावी म्हणून. रोज डबा घेऊन येणाऱ्या, हजेरीला "येस सर" म्हणणाऱ्या पोरासाठी नाही. पण बाहेरून बसलेल्यांचा निकाल बोर्ड वेगळा धरतं, शाळेच्या टक्क्यात येत नाही, झालं काम! वर आम्हालाच ऐकवलं, "शाळेच्या निकालाचा प्रश्न आहे, समजून घ्या."

काय समजून घ्यायचं? पास व्हायला शंभरात ३५ लागतात, शंभरातले २० अंतर्गत, ते तुमच्याच हातात, नि १८ तर तुम्ही सरसकट सगळ्यांना देता. उरले १७. इतक्या वर्षांत एका पोराकडून १७ मार्क काढून घेता येत नाहीत म्हणून त्याच्या हातात सतरा नंबरचा फॉर्म? पाचवी ते नववी फी वेळेवर घेतलीत, फी राहिली की मेसेज यायचा, गणितात अडकलाय हे सांगायला एकदा तरी फोन केलात? आता म्हणे दाखला घेऊन जा. लाज नाही वाटत?

मास्तरांना निवडणुकीची, जनगणनेची कामं असतात, पोर्टलवर माहिती भरून जीव जातो, सगळं मान्य. पण पोराला काढून टाका हे निवडणूक आयोगाने नाही सांगितलं, ते तुम्ही ठरवलंत.

आणि पालक मंडळी, तुम्ही पण कमी नाही. ॲडमिशन घेताना "निकाल किती" एवढंच विचारता. नववीला पट किती होता आणि दहावीला नियमित किती बसले, हे विचारा ना! मी विचारलं तर साहेब म्हणाले, ही ऑफिसची माहिती आहे, पालकांना देत नाही. मग तो शंभर टक्क्यांचा बोर्ड गेटवर कशाला टांगलाय, तो पण ऑफिसातच ठेवा की.