लाईट गेली म्हणून

मारिओचा खेळ मला आजवर शेवटास नेता आला नाही, याचे खापर मी गेली तीस वर्षे अमळनेरच्या विजेवर फोडत आलो आहे. हे सांगताना माझा स्वर इतका ठाम असतो की, लग्नानंतरची पहिली काही वर्षे सौभाग्यवतीलाही ते खरे वाटत होते.

आरोपात तथ्य नव्हते असे नाही. आमच्या घरचा व्हिडिओ गेम म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात आणलेल्या यंत्राची स्वस्तातली नक्कल होती. तिच्या कॅसेटवर ९९९९ गेम असल्याचे छापलेले होते. प्रत्यक्षात दहा-बाराच वेगळे निघाले आणि उरलेले तेच गेम नाव बदलून पुन्हा पंगतीला बसलेले होते. त्यांतला खरा गेम एकच, १९८५ सालचा सुपर मारिओ. त्यात आठ दुनिया आणि प्रत्येकीत चार टप्पे, म्हणजे एकूण ३२ टप्पे होते. मात्र झालेला खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. आमच्याकडे त्या काळी वीज जायला कारण लागत नसे. चौथ्या दुनियेपर्यंत घाम गाळून पोहोचावे, पंखा एक गिरकी घेऊन थांबावा आणि वीज परतल्यावर, कॅसेटला फुंकर मारून झाल्यावर, मारिओ पुन्हा पहिल्या टप्प्याच्या पहिल्या पावलावर ताजातवाना उभा असावा, हे सुटीत रोजचे होते. परिणामी पहिला टप्पा मला आमच्या गल्लीपेक्षा अधिक पाठ झाला. कोणत्या चौकोनात मशरूम आहे आणि कोणत्या नळातून तळघरात उतरता येते, हे तर मला ठाऊक होतेच. पण आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे एकच चित्र असून फक्त रंग बदललेला आहे, हेही मी शोधून काढले होते. पुढे कळले की, तो अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. तेव्हा अशी काटकसर करणे त्यांना भागच होते. माय मात्र ओसरीवर धान्य निवडता निवडता रोज एकच प्रश्न विचारत असे, ‘‘हाऊ मिशीवाला आजून त्याच गावमा शे का रे?’’

यंदा ऐन वैशाखात, पारा ४४ च्या पुढे गेलेला आणि कूलर गरम वाऱ्यालाच ओलसर करून परत पाठवत असताना, भाचा आपले ‘स्विच’ हे निन्टेन्डोचेच गेमचे यंत्र घेऊन सुटीला आला. ‘‘मामा, तुमचा जुना मारिओ यात जसाच्या तसा आहे,’’ असे म्हणून त्याने यंत्र टीव्हीला जोडले आणि रिमोट म्हणून बिनवायरीचे दोन चिमुकले तुकडे माझ्या दोन्ही हातांत दिले. ओळखीचे संगीत सुरू झाले. घरातली माणसे एकेक करून खोलीत जमली, कारण माझ्या पराक्रमाच्या कथा सर्वांनी ऐकलेल्या होत्या.

मी पहिल्याच प्राण्याला धडकून मेलो.

दोष अर्थातच बटणांचा होता. जुन्या रिमोटला दिशांसाठी एक अधिकचे (+) चिन्ह आणि कामाची दोन बटणे असत. इथे चार दिशांना चार सुटी बटणे, शिवाय एक दांडी आणि खांद्यावर आणखी काही. त्यात उडी मारताना मारिओबरोबर आपणही हात वर फेकायचा, ही माझी जुनी सवय उफाळून आली. पूर्वी तो हात वायरीमुळे आखडता राहत असे. आता त्याला कोणताच अटकाव नव्हता, त्यामुळे तिसऱ्या उडीला सौभाग्यवतीच्या हातातला चहा बशीतून सोफ्यावर उतरला.

तिन्ही जीव गेल्यावर भाच्याने मला दोन रहस्ये सांगितली. पहिले असे की, खेळ संपल्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले, तर ज्या दुनियेत मेलो तिच्याच पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करता येते, आणि ही युक्ती मूळ खेळातच होती. तीस वर्षे हे मला कोणी सांगितले नव्हते. (अर्थात वीज गेली की तीही युक्ती गेलीच असती, हे मी ताबडतोब निदर्शनास आणून दिले.) दुसरे रहस्य याहून घातक निघाले. खांद्यावरची दोन बटणे एकत्र दाबून धरली की मारिओ खड्ड्यातून उलटा वर येतो, उडी मारण्यापूर्वीच्या जागी जातो आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने उभा राहतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्येही आम्ही एकच ट्रायल बॉल मानत असू. इथे सगळेच बॉल ट्रायल. ही सोय वापरणे माझ्या तत्त्वांत बसत नाही असे मी जाहीर केले आणि भाचा पाणी प्यायला आत जाताच ती अकरा वेळा वापरली.

एवढे करूनही मी चौथ्या दुनियेच्या अलीकडेच घुटमळत राहिलो. प्रत्येक किल्ल्यात राक्षसाला ओलांडून जावे, तर जिला सोडवायचे ती राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात असल्याचा निरोप ठेवलेला असायचा. सातबाऱ्यासाठी फिरलेल्या माणसाला या निरोपाचे नवल वाटत नाही. पण आता जमलेल्या मंडळींत कुजबुज सुरू झाली होती. खेळातल्या घड्याळात शंभर उरले की संगीत अधिक घाईने वाजू लागते. ते तसे वाजू लागले, समोर रुंद खड्डा होता, माझा अंगठा घामाने घसरत होता आणि तेवढ्यात, ईश्वराची कृपा, लाईट गेली.

टीव्ही विझला, कूलर कण्हत थांबला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून मोठा उसासा टाकला आणि ‘‘बघा, नेमके आत्ताच!’’ हे वाक्य तीस वर्षांच्या सरावाने उच्चारले. मुले हळहळली. सौभाग्यवतीच्याही चेहऱ्यावर, अंधार असला तरी, मला सहानुभूती दिसली.

भाच्याने टीव्हीजवळच्या खोबणीतून पाटीएवढे ते यंत्र अलगद उचलून माझ्यासमोर धरले. त्याचा स्वतःचा पडदा लखलखत होता आणि मारिओ त्याच खड्ड्याच्या काठावर उभा होता. ‘‘घ्या मामा, याला बॅटरी आहे. चार तास तरी काळजी नाही.’’

काळोखात तेवढाच एक उजेड असल्यामुळे आता सगळे घर माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. मी उडी मारली. ओसरीवर खाट टाकून पडलेल्या मायला, तिला आता कमी ऐकू येत असूनही, मारिओ मेल्याची ती धून बरोबर ऐकू गेली.

‘‘लाईट गई तरी हाऊ मरीच राहिना का रे?’’