खासदारांचा चहा सोडा, पेन्शनचं बोला

संसदेच्या कॅन्टीनमध्ये खासदारांना चहा अमुक रुपयात आणि बिर्याणी तमुक रुपयात मिळते तो मेसेज परवा आमच्या नाशिकच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर परत आला, खाली नेहमीचे लालबुंद तोंडाचे इमोजी. ती सबसिडी जानेवारी २०२१ मध्येच बंद झालीये, पण मेसेज काही रिटायर होत नाही. हे सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "तू लंडनला बसून आम्हाला शिकवू नको." (मी लंडनला नाही, रेडिंगला राहते, पण नाशिककरांसाठी इंग्लंड म्हणजे लंडन, जसं मुंबईवाल्यांसाठी पार सटाण्यापर्यंत सगळं नाशिकच.)

शिकवायचं नाहीये मला, पण मी इथे एका कौन्सिलच्या (म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेच्या) पगार विभागात काम करते, दिवसभर लोकांचे पगार, कपाती, प्रवासाची बिलं हेच बघते, त्यामुळे या विषयात नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही. आणि माझं म्हणणं ग्रुपमधल्या बहुतेकांना आवडणार नाही. खासदारांचा पगार जास्त आहे असं मला वाटत नाही. चिडायचंच असेल तर पेन्शनवर चिडा, आणि बिलं कोण तपासतं यावर चिडा.

आधी पगार. मार्च २०२५ मध्ये नोटिफिकेशन निघालं आणि खासदारांचा पगार महिना १ लाखाचा १ लाख २४ हजार झाला, तोही १ एप्रिल २०२३ पासून मागच्या तारखेने. दैनिक भत्ता २,००० चा २,५०० झाला, माजी खासदारांची पेन्शन २५ हजारांची ३१ हजार. टीव्हीवर दोन दिवस आरडाओरडा झाला. पण पाच वर्षांचा पगार मांडा, होतात ७४ लाख ४० हजार. लोकसभेच्या उमेदवाराला प्रचारात खर्च करायची कायदेशीर मर्यादा महाराष्ट्रात ९५ लाख. म्हणजे एकही पैसा वर खर्च न करता, अगदी सोवळ्यात निवडणूक लढवली तरी पाच वर्षांचा सगळा पगार त्यात जातो आणि वर २० लाख अंगावर. प्रत्यक्षात किती खर्च होतो हे सिन्नर नाक्यावरचा पानवाला पण सांगेल. पगार अजून कमी करा म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं, कारण पगार शून्य केला तरी ज्याला परवडतं तो येणारच, येणार नाही तो पगारावर जगणारा माणूस.

इथे खासदाराचा पगार एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला ९३,९०४ पौंड झाला, रुपयात एक कोटीच्या वर, पण रुपयात करायचं नसतं हे परदेशात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात दूध घेताना कळतं. इथल्या पूर्णवेळ नोकरदाराच्या मधल्या पगाराच्या साधारण अडीच पट धरा. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. इथे मतदारसंघातली उमेदवाराची खर्चाची मर्यादा वीस हजार पौंडांच्या आसपास असते, तीन महिन्यांच्या पगारात वसूल. इथेही पक्षांना श्रीमंत देणगीदार लागतात आणि त्यावरून बोंबाबोंब होतेच, पण उमेदवाराच्या गळ्यात तो फास नसतो.

आणि मतदारसंघ केवढे बघा. इथला एक मतदारसंघ ७० ते ७७ हजार मतदारांचा. आपला नाशिक लोकसभा, म्हणजे शहरातले तीन विधानसभा मतदारसंघ, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी, मिळून वीस लाख. त्या वीस लाखांसाठी खासदाराला ऑफिस भत्ता महिना ७५ हजार, त्यातले ५० हजार माणसांच्या पगाराला. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बऱ्यापैकी अकाउंटंट ठेवायचा तरी २५-३० हजार लागतात, मग कार्यालयात कोण बसणार? कार्यकर्ते. आणि कार्यकर्त्याला पगार नसला की त्याचं पोट कशावर चालतं, आणि दाखला काढायला गेलेल्या म्हातारीला तो काय सांगतो, हे नाशिकमधल्या लोकांना मी काय सांगू. इथे खासदाराच्या स्टाफसाठी वर्षाला दोन लाख पौंडांच्या वरचं बजेट वेगळं असतं. माझ्या हातात असतं तर मी नाशिकच्या खासदाराचा हा स्टाफचा भत्ता तिप्पट केला असता, अट एकच, पैसे थेट त्या माणसांच्या खात्यात आणि नावं जाहीर.

आता इंग्लंड म्हणजे साधुसंतांचा देश नाही हेही सांगून टाकते. २००९ च्या मे महिन्यात डेली टेलिग्राफने इथल्या खासदारांच्या खर्चाची बिलं छापायला घेतली तेव्हा एकाने तळ्यातल्या बदकांसाठी तरंगत्या घराचं १,६४५ पौंडांचं बिल लावलेलं निघालं (ते मंजूर झालं नव्हतं, पण लावायची हिंमत बघा). कुणी वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च दाखवला होता, कुणी फेडून संपलेल्या कर्जाचं व्याज उचलत होतं. स्पीकरला जावं लागलं, काही खासदार तुरुंगात गेले. त्यानंतर त्यांनी इप्सा नावाची स्वतंत्र संस्था काढली, आधी बिलं तिच्याकडे दिली आणि २०११ पासून पगार ठरवायचं कामही. आता खासदार स्वतःच्या पगारावर मत देत नाहीत. रेल्वेचं साधारणपणे स्टँडर्ड क्लासचंच तिकीट भरून मिळतं, घराच्या कर्जाचं व्याज बंद, आणि प्रत्येकाची बिलं वेबसाइटवर. मी पेशाने हेच काम करते म्हणून सांगते, बिल चारचौघांत दिसणार हे कळलं की निम्मी बिलं लागतच नाहीत.

पण स्वतंत्र संस्था म्हणजे कमी पगार असंही नाही. २०१५ मध्ये याच इप्साने खासदारांचा पगार ६७ हजारांवरून एकदम ७४ हजारांवर नेला, पंतप्रधान कॅमेरून नको म्हणत असताना. सरकारी नोकरांना तेव्हा एक टक्का मिळत होता. लोक चिडले, पण निदान खासदारांनी आपल्या हाताने आपल्या ताटात वाढून घेतलं असं कुणाला म्हणता आलं नाही.

आपल्याकडे घटनेच्या कलम १०६ प्रमाणे खासदारांचा पगार संसदच ठरवते. २०१८ मध्ये अरुण जेटलींनी त्यात एक चांगली गोष्ट केली, दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढ. निर्देशांक २८० चा ३४८ झाला म्हणून ते २४ टक्के, कुणी मनाने लावलेले नाहीत. मला ही पद्धत पटते. मात्र याच निर्देशांकाला पेन्शनही बांधलीये, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

आमच्या अण्णांनी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यांना ईपीएस-९५ ची (पीएफवाल्या नोकरदारांची पेन्शन योजना) पेन्शन येते महिना दोन हजार सातशे. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ मध्ये १ हजार रुपये केली ती तिथेच अडकलीये. निर्देशांक बिर्देशांक काही नाही. माझा मामेभाऊ सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणजे त्याच्या पगारातून दर महिन्याला कापून पैसे बाजारात जातात आणि शेवटी काय हातात पडेल ते बाजार ठरवणार. मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" (म्हणजे कपात नाही आणि शेवटच्या पगाराच्या निम्मी) म्हणत तो संपात होता. तेव्हा सरकारी बाजूने सांगितलं जायचं की तिजोरीला झेपणार नाही. ठीक आहे, पैसे कुठून तरी यावे लागतात, मला मान्य आहे. पण माजी खासदाराला पगारातून एक रुपया न कापता ३१ हजार, पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला आणखी अडीच हजार, वयाची अट नाही, आणि पूर्ण टर्म केलेली असायला पाहिजे अशीही अट नाही. आधी आमदार असेल तर ती पेन्शन वेगळी. माजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी २०२५ मध्ये राजीनाम्यानंतर राजस्थानच्या माजी आमदाराच्या पेन्शनसाठी अर्ज केला, नियमात बसतं म्हणून केला, दोष नियमाचा आहे.

इथल्या खासदाराच्या पगारातून पेन्शनसाठी ११ टक्क्यांच्या आसपास कापतात. वर्षाला पगाराचा एक्कावन्नावा हिस्सा जमा होतो, म्हणजे पाच वर्षं खासदार राहिलं तर पगाराच्या जेमतेम दहा टक्के, आणि तेही सगळ्या जनतेचं पेन्शनचं वय होईल तेव्हा. आपल्याकडे पगाराच्या पंचवीस टक्के, हरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. चाळिशीत हरलेल्या माणसाला पुढची चाळीस वर्षं.

कोर्टात जाऊन बघितलंय लोकांनी. लोकप्रहरी नावाच्या संस्थेची याचिका सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली, हा संसदेचा अधिकार आहे म्हणून. पंजाबने २०२२ मध्ये आमदारांसाठी एकच पेन्शन केली, कितीही टर्म झाल्या तरी. म्हणजे इच्छा असली की होतं. मला वाटतं नव्याने निवडून येणाऱ्यांना शिक्षकांसारखीच कपातीवाली पेन्शन द्यावी, साठीनंतर, आणि आमदारकी खासदारकी मिळून एकच. टोलमाफी बंगले वगैरेवर मला फार बोलायचं नाही, घोटीच्या टोलवर खासदाराची गाडी फुकट गेल्याने देश बुडत नाही, तिथल्या खड्ड्यांतून त्यालाही जावं लागतंच. आणि ते खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी खिशात घालतात असं समजणाऱ्यांनी कलेक्टर ऑफिसात जाऊन विचारावं, पैसे तिथून सुटतात.

पुढची वाढ कायद्याप्रमाणे १ एप्रिल २०२८ पासून देय आहे, लोकसभेच्या निवडणुकीच्या एक वर्ष आधी. खासदारांच्या पगार-पेन्शनचा १९५४ चा कायदा बदलायचा तर त्याआधी बदलायला हवा, आणि बदलणार खासदारच. आपल्या जिल्ह्यात तीन खासदारांचा भाग येतो, नाशिक, दिंडोरी, आणि मालेगाव-बागलाणकडचे धुळ्याचे. तिघांना एकच निवेदन द्या म्हटलं मी, शिक्षक संघटना आणि कारखान्यातले पेन्शनर दोघांच्या सह्यांनी. मामेभाऊ तयार झाला. अण्णांनी मात्र कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवरच्या त्यांच्या मंडळींना विचारलं तर ती मंडळी खासदारांपेक्षा शिक्षकांवरच जास्त भडकलेली निघाली, आम्हाला दोन-अडीच हजार आणि यांना अर्धा पगार पेन्शन कशाला हवीये म्हणून. आता आधी हे भांडण मिटवायचं अण्णांनी माझ्यावर टाकलंय, व्हिडिओ कॉलवरून.