हलणारी पट्टी आणि आप्पांचं बोट

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. दुकानात दोन गिऱ्हाइकं झेरॉक्ससाठी बसलीत, बसू देत पाच मिनिटं.

आप्पांना एका सरकारी योजनेचा फॉर्म भरायचा होता. कुठलं खातं ते सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. मी म्हटलं, मी भरतो, रोज अख्ख्या वडगावचे भरतो. पण आप्पा आमच्या बेळगावातल्या वडगावचे जुने विणकर. जन्म मागावर गेला, धागा तुटला तर दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. ‘माझा मी भरतो,’ म्हणाले, चष्मा धोतराला पुसला आणि माझा जुना मोबाइल घेऊन सोप्यात बसले.

साइट उघडली. वर तीन मोठे फोटो, एक बघेपर्यंत दुसरा त्याला ढकलून आत. त्याखाली लाल अक्षरांची पट्टी, उजवीकडून डावीकडे पळणारी. पट्टीत जागोजागी पिवळं ‘न्यू’ लुकलुकतंय. कोपऱ्यात एक चिन्ह स्वतःभोवती गरगर फिरतंय, का ते त्यालाच ठाऊक. आणि ज्या फॉर्मसाठी एवढा खटाटोप, त्याची लिंक कुठं? त्या पळत्या पट्टीत.

आप्पांची शाळा चौथीपर्यंत, मराठी; साइट मात्र कन्नड. कन्नड वाचायला ते शिकले बसच्या बोर्डावरून. अजून एकेक अक्षर लावून वाचतात, खाली बोट धरून. (साइटला मराठीचा पर्याय का नाही, हा विषय आज काढत नाही. काढला तर रात्र पुरायची नाही, आणि तुम्हा सगळ्यांना तो पाठ आहे.) तर सवयीनं त्यांनी पट्टीखाली बोट धरलं. बोट टेकताच लिंक दाबली गेली, भलतीच पीडीएफ उघडली. मागे आले, पट्टी पहिल्यापासून सुरू. पुन्हा बोट, पुन्हा पीडीएफ. तिसऱ्यांदा बोट काचेपासून इंचभर वर धरून पट्टीबरोबर सरकवायला लागले. एवढ्याशा मोबाइलवर किती सरकवणार? दोन अक्षरं लागेपर्यंत तिसरं काठाबाहेर.

‘काय रं हे,’ म्हणाले, ‘बसच्या बोर्डागत झालंय. वाचून हुईस्तोवर गाडी सुटती.’

मी हसलो. मग हसू गेलं, कारण साइट बनवणं हा माझाही धंदा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही पळती पट्टी म्हणजे मार्की, नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टनं आपल्या ब्राउझरमध्ये आणलेली. तिची लुकलुकणारी बहीण ब्लिंक, ती नेटस्केप या तेव्हाच्या दुसऱ्या ब्राउझरची. ब्लिंकला फायरफॉक्सनंही २०१३ मध्ये घराबाहेर काढलं. मार्कीही नियमांच्या पुस्तकातून कधीच बाद झालीय, पण ब्राउझर अजून चालवतात म्हणून आपल्याकडं सुखात नांदते आहे. तीस वर्षं झाली बाबांनो! तेव्हाचे मागसुद्धा आता भंगारात गेले.

माणसाच्या डोळ्याची कड बारीक अक्षर वाचू शकत नाही, पण हालचाल झटकन पकडते. झुडपात काही हललं की मान वळते, तसंच. म्हणजे पानावर काही हलत असलं की तुम्ही ठरवा ना ठरवा, नजर तिकडे ओढली जाणार. वाचता वाचता कुणीतरी दर तीन सेकंदांनी बाही ओढल्यासारखं. आपल्यासारख्या भराभर वाचणाऱ्याचं निभावतं. हळू वाचणाऱ्याचं काय? नवी लिपी लावणाऱ्याचं? मोतीबिंदू झालेल्याचं? पळतं अक्षर फक्त पळणाऱ्यालाच वाचता येतं, आणि सरकारी फॉर्म भरायला येणारा माणूस बहुतेक वेळा चालणारा असतो.

हे कुणाला माहीत नाही असंही नाही. डब्ल्यूसीएजी म्हणून वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे नियम आहेत, त्यांत २००८ पासून लिहिलंय: आपोआप सुरू होणारं, बाकी मजकुराशेजारी पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलत राहणारं काही ठेवलंत, तर ते थांबवायची सोय द्या. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा झगमगणारं ठेवूच नका, फिट येणाऱ्यांना धोका असतो. केंद्र सरकारची स्वतःची नियमावली आहे, जीआयजीडब्ल्यू, २००९ पासून; २०२३ ला तिची तिसरी आवृत्ती आली. ती याच नियमांच्या आधारानं लिहिलीय. कागदावर सगळं आहे. पट्टीला थांबवायचं बटण तेवढं नाही.

मी आप्पांच्या मोबाइलमध्ये सेटिंगात जाऊन ॲनिमेशन बंद करून बघितलं. ती सोय असते, बहुतेकांना माहीत नसते. फोनची सरकासरक थांबली. पट्टी? जोरात. कारण साइट बनवणाऱ्यानं त्या सेटिंगचा मान ठेवायचा असतो, आणि तिथं मान ठेवणारं कुणी नाही.

बरं, शेवटी मी लिंक दाबून फॉर्म उघडून दिला. आप्पांनी पाऊण तास एकेक रकाना भरला. नाव, बापाचं नाव, बँकेचा खाते नंबर दोनदा ताडून. सबमिटवर बोट ठेवायला गेले, आणि त्याच क्षणी वरचा एक फोटो उशिरानं उतरला. अख्खं पान बोटभर खाली सरकलं. सबमिटच्या जागी आलं सगळं पुसणारं रीसेट. पाऊण तास गेला!

आप्पा काही बोलले नाहीत. बोट तसंच हवेत. मला तोंडात शिव्या आल्या, आई समोर होती म्हणून गिळल्या. फोटोसाठी आधीच जागा राखून ठेवायला दोन आकडे लिहावे लागतात हो, रुंदी आणि उंची! या सरकण्याला गूगल २०२० पासून आकडा लावून मोजतंय, ०.१ च्या आत असावं म्हणतंय. आणि इथं म्हातारा माणूस आपलंच बोट चुकलं म्हणून स्वतःला दोष देतोय. ‘माझाच हात थरथरला बघ,’ म्हणाले. नाही आप्पा. तुमचा हात नव्हता.

आता खरं सांगतो, तुम्ही हसाल.

गेल्या वर्षी गणपत गल्लीतल्या एका साडीवाल्या मालकांची साइट मीच केली. मी साधी केली होती: दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, फोन, साड्यांचे फोटो. मालक बघून म्हणाले, ‘जरा हलू दे की हो, मेल्यागत दिसतंय.’ मी हलवलं. पाच फोटोंचा स्लायडर (एकामागून एक आपोआप सरकणारे फोटो), वर पडणारी फुलं, किमतीवर चमक. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर असला स्लायडर मोजला होता, त्यावर शंभरात जेमतेम एक जण क्लिक करत होता आणि तोही बहुतेक पहिल्याच फोटोवर, हे मी वाचलेलं. तरी हलवलं. बिल लावलं, पैसे घेतले, त्या पैशातून घरी कुंदा आणला. आप्पांनीच पहिला घास खाल्ला.

दोन महिन्यांनी मालकांचा फोन. ‘साइटचा काय उपयोग न्हाई, बायका फोन करूनच विचारत्यात दुकान किती वाजता उघडतं.’ बघितलं तर वेळ चौथ्या फोटोवर होती. चौथ्या फोटोपर्यंत कोण थांबतंय? तेव्हा मी मालकांनाच मनात हसलो होतो. आज सोप्यात बसून आप्पांचं हवेतलं बोट बघताना आठवलं, त्या पोर्टलवाल्यालाही कुणीतरी साहेब म्हणालाच असेल, जरा हलू दे की हो.

सगळंच हलणं वाईट नाही, मान्य. पैसे पाठवल्यावर ते गोल फिरणारं दिसलं की जीव भांड्यात पडतो, काहीतरी चाललंय म्हणून. बटण दाबल्यावर किंचित दबलं तर कळतं की दाबलं गेलं. ते हलणं माणसानं हात लावल्यावर हलतं आणि काम झालं की गप्प बसतं. आणि गणपतीच्या मंडपाची रोषणाई हवी तेवढी फिरू दे, तिथं कुणी बँकेचा नंबर भरायला जात नाही.

दुपारी मी पट्टीचे सात स्क्रीनशॉट काढले. कापून, जोडून, ए-फोरवर मोठ्या अक्षरात एका ओळीखाली एक छापलं आणि आप्पांच्या हातात दिलं. कागद हलत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. मांडीवर घेतला, बोट धरलं, एकेक अक्षर लावत गेले. मी मुद्दाम मदत केली नाही. दहा-बारा मिनिटं लागली असतील. एका जागी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं.

मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, ‘ही तर गेल्या म्हयन्याची तारीख हाय की.’

मी कागद घेऊन बघितला. खरंच. मुदत संपलेली सूचना महिनाभर पळतेय, लुकलुकत्या ‘न्यू’सकट. मुदतवाढीची खरी तारीख तळाला एका पीडीएफमध्ये, मान खाली घालून पडलेली. अजून नऊ दिवस आहेत, फॉर्म उद्या पुन्हा भरू. साडीवाल्या मालकांना मेसेज टाकलाय की स्लायडर फुकट काढून देतो, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

आप्पा आत जाताना म्हणाले, ‘गेलेल्या गाडीचा बोर्ड वाचायला लावलास की रं मला.’